सेवेचा पत्ता

रेकॉर्डर सोमवारी रात्री गेला.
आठवडाभर कुरकुरत होता,
भातात खडा लागावा तसा.
मग पडद्यावर एक निळी रेघ,
मग तीही नाही.

अर्लिस म्हणाली, झोपला असेल.
मी म्हणालो, नऊ वर्षं झाली त्याला.
तेवढ्यात आपले अकरा टायर
आणि माझा एक गुडघा बदलून झालाय.

नवा खोका क्वार्ट्झसाइटच्या पोस्टातून आणला.
कपाटाचे चार स्क्रू, त्यातला एक कधी नव्हताच.
मागे राज्याराज्यांची धूळ,
युटाची लाल, मोंटानाची राखाडी,
एक सुकलेला नाकतोडा,
आणि डॉमिनोची ती सोंगटी, दोन्हीकडे पाच,
जिच्यापायी मेहुण्याशी, लेनर्डशी,
मी अख्खा हिवाळा अबोला धरला होता.
गुपचूप खिशात टाकली.

वायरींवर चिकटपट्ट्या, अर्लिसचं अक्षर:
ताटलीकडून.
टीव्हीकडे.
ही कसली माहीत नाही, काढू नये.
काढली नाही.

नवा अर्ध्या बोटानं उंच निघाला.
मी कानस घेऊन फळी घासत बसलो.
शेजारचा ऑर्व्हिन खुर्ची घेऊनच आला.
वाळवंटात पाण्याला मोजमाप असतं,
सल्ल्याला नसतं.

घर फिरलं की वासे फिरतात म्हणे.
आमचं घर सहा चाकांवर फिरतं,
आणि दर मुक्कामी फिरवावी लागते ती ताटली.
मी उन्हात तिपाईशी ओणवा,
अर्लिस खिडकीतून आकडे ओरडतेय:
एकतीस! अठ्ठेचाळीस! गेलं, गेलं!
मागे ये! त्र्याहत्तर!
आता श्वाससुद्धा घेऊ नकोस!
त्रेपन्न वर्षांत इतक्या आतुरतेनं
तिनं मला कधी जागेवर थांबवलं नव्हतं.

मग फोन. पलीकडे एक तरुण मुलगी, ब्रियाना.
जुन्यातलं काही नव्यात येणार नाही म्हणाली,
खूप वाईट वाटतंय म्हणाली,
कागदावर लिहिलेलं असावं तसं.
एक्केचाळीस कार्यक्रम.
चाळिसांचं काही नाही.
एकात आमची नात, हॉकीचा गोल राखताना,
स्थानिक बातम्यांत, चार सेकंद.
शिरस्त्राणात कुणीही असू शकलं असतं.
पण ती गुडघा आत घेते, माझ्यासारखा.

सेवेचा पत्ता सांगा, ब्रियाना म्हणाली.
म्हटलं, आम्ही मोटरहोममध्ये राहतो.
हो, पण घर कुठे आहे?

घर मायनॉटला होतं, नॉर्थ डकोटात.
ऑगस्टमध्ये एका दाताच्या डॉक्टरला विकलं.
जुन्या रेकॉर्डरला हे कुणी सांगितलं नव्हतं.
तो रोज सहा वाजता मायनॉटच लावायचा:
शून्याखाली एकोणतीस, शाळा बंद,
चर्चमधलं सूप-जेवण पुढे ढकललं.
आम्ही खिडक्या सताड उघड्या टाकून, अनवाणी,
ते सगळं मनापासून ऐकायचो.
अर्लिस मधेच म्हणायची, नळ जरा टपकता ठेवायला हवा,
पाइप गोठतील.

हॅलो? ब्रियाना म्हणाली. आहात ना?

मी पत्ता सांगितला.
चारशे सतरा, सोळावा रस्ता.
पिनकोडसकट, न अडखळता.
अर्लिसनं माझ्याकडे पाहिलं,
मग उठून विनाकारण ओटा पुसायला लागली.

जुना खोक्यात घातला. चिकटपट्टी संपली,
तर औषधाच्या पेटीतली पांढरी लावली.
उचलला तेव्हा हलका वाटला.
वजन तेवढंच असणार, मला माहीत आहे.

सहाला बर्फ आलं पडद्यावर.
नव्यात जरा जास्तच पांढरं.
नांगर लावलेला ट्रक एका रस्त्यानं चालला होता,
सोळावा असेल, नसेल,
तिथले सगळे रस्ते हिवाळ्यात एकाच आईचे.
अर्लिस पुढे वाकली.

बघ, म्हणाली, त्यानं दारातलं बर्फ अजून उपसलं नाहीये.

सकाळी बघू, मी म्हणालो.